धाप, खोकला आणि लाल अक्षरातला आकडा: रक्तातून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कळतो का?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'अं' वगैरे काढलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मी ठरवलेला नाही, एका व्हॉइस नोटने ठरवलाय. सोलापूर जिल्ह्यातला एक श्रोता, नोकरी पुण्यात, आई गावाकडे. त्याचं म्हणणं थोडक्यात सांगते.

"ताई, आईला सात-आठ वर्षांपासून धाप लागते. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलंय, पंप चालू आहे. परवा मी ऑफर बघून तिचं फुल बॉडी चेकअप बुक केलं. घरी येऊन रक्त घेऊन गेले. रिपोर्टमध्ये 'कॅन्सर मार्कर' असं लिहून खाली सीईए आहे, ६.२ आलाय, लाल अक्षरात. आईने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. तिला अजून काही सांगितलं नाहीये. हा कॅन्सर आहे का?"

त्याला मी लगेच मेसेज केला होता की एवढ्या एका आकड्यावरून कॅन्सर आहे असं म्हणता येत नाही. पण 'म्हणता येत नाही' ऐकून रात्री झोप लागत नाही, हे मला माहितीय. मी बायोकेमिस्ट्री शिकलेय आणि दोन वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय. डॉक्टर नाही. त्यामुळे आज उपचार सांगणार नाही, तो आकडा कुठून येतो आणि किती बोलतो ते सांगणार आहे.

आधी सीओपीडी. गावाकडे याला सरसकट 'दमा' म्हणतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. दम्यात श्वासनलिका आवळतात, पण औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत नुकसान कायमचं असतं. नळ्यांना सतत सूज, कफ, आणि टोकाशी असलेले बारीक वायुकोष फाटून त्यांच्या मोठ्या सैल पिशव्या होणं, ज्याला एम्फिसीमा म्हणतात. नक्की निदान स्पायरोमेट्रीने होतं. नळीत जोरात फुंकर मारायची, आधी औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकरीच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली तर हवा अडतेय असं समजतात. साधी तपासणी आहे, पण आपल्याकडे कित्येक लोक ती न करताच वर्षानुवर्षं पंप ओढत असतात.

आणि हा आजार आपल्याकडे लहान नाही. जगातले १८ टक्के लोक भारतात राहतात, पण २०१६ च्या आकडेवारीनुसार दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यातला ३२ टक्के वाटा आपला होता. त्यात विड्या-सिगारेटी आहेतच. शिवाय चूल आहे. ओलं सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या, बंद खोली आणि फुंकणी. पुण्यातले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी हा वेगळा, दुर्लक्षित विषय आहे. घरातली डासांची कॉइलही साधी नाही बरं का. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते.

आता कॅन्सरशी संबंध. सीओपीडी असलेल्या माणसाला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा दुपटीहून जास्त असतो. 'दोघांचं कारण तंबाखूच, मग नवल काय?' असं वाटेल. पण सारख्याच सिगारेटी ओढलेल्या दोन माणसांची तुलना केली, तरी ज्याला सीओपीडी आहे त्याचा धोका जास्त निघतो. म्हणजे आजार स्वतःच काहीतरी करतोय.

काय करतोय? दाह. इन्फ्लमेशन. धुराचा कण आत गेला की तिथल्या रोगप्रतिकारक पेशी धावून येतात, रसायनं सोडतात, आजूबाजूच्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. रस्ता खोदायचा, बुजवायचा, परत खोदायचा, असं वीस-तीस वर्षं. प्रत्येक वेळी पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल करताना चुका होतात.

यात मला सगळ्यात भारी वाटलेलं संशोधन २०२३ चं आहे, लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाचं. त्यांनी कॅन्सर नसलेल्या फुप्फुसाच्या ऊतींचे नमुने तपासले, तर १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर नावाच्या जनुकातला, कॅन्सरमध्ये सापडणारा बिघड आधीच होता. म्हणजे बी पडलेलं असतं, शांत. हवेतले सूक्ष्म कण आले की पेशींमधून इंटरल्युकिन-१-बीटा नावाचा निरोप सुटतो आणि त्या निरोपाने बी जागं होतं. प्रदूषण दर वेळी नवा बिघाड करत नाही, जुन्याला उठवतं.

याला एक आधीचा दुवा आहे. २०१७ मध्ये कॅन्टोस नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. हार्ट अटॅक येऊन गेलेले १०,०६१ लोक, आणि हाच निरोप अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध. चाचणी हृदयासाठी होती. पण औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर लक्षणीय कमी दिसला. सगळ्यांचे डोळे चमकले. मग कॅन्सर झालेल्या रुग्णांवर तेच औषध वापरून पाहिलं, आणि त्या चाचण्यांत ते फसलं. एकदा आग लागल्यावर काडेपेटी लपवून उपयोग नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. पण आगीआधीचा धूर रक्तात दिसू शकतो ही कल्पना तिथून पक्की झाली.

आता रक्तात काय काय शोधतात ते बघू.

पहिली जात दाहाची खूण. सीआरपी, इंटरल्युकिन-६. हे वाढलेले असतील तर पुढच्या काही वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं, असं मोठ्या गटांत आढळलंय. अडचण अशी की सीओपीडीच्या माणसाला थंडीत साधा कफ झाला तरी सीआरपी उडी मारतो. दाढ सुजली तरी. गटाबद्दल तो बोलतो, एका माणसाबद्दल पुटपुटतो.

दुसरी जात फुप्फुसाच्या नुकसानीची खूण. सीसी-१६ नावाचं प्रथिन बारीक श्वासनलिकांमधल्या क्लब पेशी बनवतात आणि ते दाहाला आवर घालतं. धुराने या पेशी झिजतात, रक्तातलं सीसी-१६ घटतं. म्हणजे इथे आकडा कमी असणं वाईट. (या पेशींना आधी क्लारा पेशी म्हणायचे. माक्स क्लारा हे नाझी पक्षाचे सदस्य होते आणि देहदंड दिलेल्या कैद्यांच्या ऊती त्यांनी संशोधनाला वापरल्या, म्हणून नाव बदललं. बरं झालं.)

याच रांगेत एक अनपेक्षित पाहुणा आहे, बिलिरुबिन. हो, काविळीत वाढतं तेच. ब्रिटनमधल्या पाच लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. बिलिरुबिन नॉर्मलच्या मर्यादेत, पण दर ०.१ मिलिग्रॅमने जास्त असेल, तर पुरुषांत फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण ८ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ११ टक्क्यांनी कमी. सीओपीडीचंही कमी. बिलिरुबिन अँटिऑक्सिडंट आहे, धुरातल्या जाळणाऱ्या रेणूंना ते काही अंशी शांत करत असावं. म्हणून कुणी कावीळ व्हायची वाट बघू नका! आणि कमेंटमध्ये 'बिलिरुबिन वाढवायला काय खाऊ' असं विचारू नका, प्लीज.

तिसरी जात म्हणजे ट्यूमर मार्कर, गाठीच्या पेशी सोडतात ती प्रथिनं. आपल्या श्रोत्याच्या रिपोर्टमधला सीईए याच जातीतला. मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ साली तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधला. आजही त्याचा खरा उपयोग कॅन्सर झालेल्या माणसाचा पाठपुरावा करायला होतो. ऑपरेशननंतर तो खाली आला का, पुन्हा चढतोय का. निरोगी माणसात कॅन्सर शोधायला तो बनलेलाच नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत तो वाढलेला असतो, लिव्हरच्या आजारात वाढतो, आणि फुप्फुसाच्या जुनाट दाहातही. म्हणजे आईला जो आजार आहे हे आधीच माहीत आहे, तोच आजार हा आकडा थोडा वर ढकलू शकतो.

बाकीचेही असेच. सीए-१२५ पोटाच्या टीबीत वाढतो, हार्ट फेल्युअरमध्ये वाढतो, पाळीच्या दिवसांतसुद्धा वाढतो. सायफ्रा २१-१ किडनीच्या आजारात वाढतो. एनएसई नावाचा एक मार्कर लाल पेशींमध्येच असतो, त्यामुळे नमुना नेताना ट्यूब हिंदकळून पेशी फुटल्या की आकडा वर. मी लॅबमध्ये असताना दुपारच्या उन्हात बाईकवरून आलेल्या ट्यूब बघितल्यात. खाली गुलाबी झालेलं सीरम. घरी येऊन रक्त नेणं सोयीचं आहे, पण ती ट्यूब पुढे कशी प्रवास करते ते रिपोर्टवर छापलेलं नसतं.

मग या मार्करना अर्थच नाही का? आहे. एकेकट्याला कमी, एकत्र केल्यावर जास्त. २०१८ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त चार प्रथिनांच्या संचाचा अभ्यास आला. सीईए, सीए-१२५, सायफ्रा २१-१, आणि चौथं प्रो-एसएफटीपीबी, जे वायुकोष उघडे ठेवणाऱ्या पदार्थाचं कच्चं रूप असतं. रक्त दिल्यानंतर वर्षभरात कॅन्सर निघालेले धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले लोक आणि तसेच, पण कॅन्सर न निघालेले लोक, असे दोन गट. नुसती सिगारेटची माहिती वापरून १०० पैकी ४३ कॅन्सर ओळखता येत होते, चार प्रथिनं जोडल्यावर ६३. दोन्ही वेळा कॅन्सर नसलेल्या १०० पैकी १७ जणांना खोटी घंटा.

हे ऐकायला छान वाटतं. आता मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा.

समजा सीओपीडीचे १,००० रुग्ण घेतले, आणि समजा त्यातल्या १० जणांना आत्ता लपलेला कॅन्सर आहे. हा १० चा आकडा मी हिशोबासाठी धरलाय. टेस्ट ६३ टक्के पकडते, म्हणजे ६ सापडले, ४ सुटले. उरलेल्या ९९० पैकी १७ टक्के, म्हणजे १६८ लोकांना उगाच पॉझिटिव्ह. एकूण १७४ घरांत फोन गेला, त्यातल्या ६ घरांत खरंच कॅन्सर. १६८ घरांत नुसती धडधड. आणि ज्या चौघांना 'सगळं ठीक' सांगितलं, ते निवांत.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू बघा, कारण 'मार्कर फालतू असतात' असं म्हणणारेही अर्धवटच ऐकतात. टेस्टआधी कुणाचाही धोका शंभरात एक होता. पॉझिटिव्ह आल्यावर तो शंभरात साधारण साडेतीन झाला. निगेटिव्ह आल्यावर दोनशेत एक. टेस्टने कॅन्सर सांगितला नाही, रांग लावली. कुणाला आधी सीटी स्कॅनला पाठवायचं, एवढंच. संशोधकांनाही रक्ताचा मार्कर तेवढ्यासाठीच हवाय. लॅबचं पॅकेज तो विकतं मात्र 'कॅन्सर आहे की नाही' म्हणून. माझा राग तिथे आहे.

सगळ्यांनाच सरळ सीटी का करत नाहीत, असा प्रश्न येईल. कमी रेडिएशनच्या सीटीने जीव वाचतात, हे सिद्ध झालंय. अमेरिकेतल्या ५३,४५४ लोकांच्या चाचणीत, निकाल २०११ चा, जास्त सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. पण त्याच चाचणीत सीटीवर जे जे संशयास्पद दिसलं, त्यातलं ९६ टक्क्यांहून जास्त कॅन्सर नव्हतं. आणि तो अमेरिकेचा आकडा. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण कितीतरी फुप्फुसांत असतात, आणि स्कॅनवर ते गाठीसारखे दिसतात. मग सुई घालून तुकडा घ्यायचा. एम्फिसीमाच्या फाटक्या फुप्फुसात सुई घातली तर हवा गळून फुप्फुस बसण्याचा धोका जास्त. म्हणजे ज्याला कॅन्सरचा धोका अधिक, त्यालाच तपासणीचाही धोका अधिक. म्हणून आधी रक्ताने गाळून घेता आलं तर हवंय सगळ्यांना.

अशी गाळणी प्रत्यक्षात लावून बघितलीय स्कॉटलंडने. १२,२०८ लोक, वय ५० ते ७५, धोका जास्त असलेले. त्यांनी गाठीची प्रथिनं शोधली नाहीत. गाठीविरुद्ध शरीर ज्या अँटिबॉडी बनवतं, तशा सात शोधल्या. पॉझिटिव्ह आलेल्यांचा सीटी. दोन वर्षांनी टेस्ट केलेल्या गटात जे कॅन्सर निघाले, त्यात पुढच्या टप्प्याचे ५९ टक्के. टेस्ट न केलेल्या गटात ७३ टक्के. चांगलं आहे, हो. पण टेस्ट केलेल्या गटातल्या ५६ कॅन्सरपैकी टेस्ट पॉझिटिव्ह होती फक्त १८ जणांची. ३८ जण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी गेले होते. आणि तेवढ्या काळात मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही.

रक्तातले डीएनएचे तुकडे तपासणाऱ्या नव्या, महागड्या टेस्टचं काय? त्या खोटी घंटा फार कमी वाजवतात, ही मोठी गोष्ट. पण गाठ लहान असेल तर रक्तात तुकडेच कमी पडतात. अनेक कॅन्सर एकदम शोधणाऱ्या एका टेस्टच्या २०२१ च्या अभ्यासात चौथ्या टप्प्याचे ९० टक्के कॅन्सर पकडले गेले, पहिल्या टप्प्याचे १७ टक्केही नाहीत. आपल्याला पकडायचा असतो पहिला टप्पा.

आता चुलीकडे परत येऊ, कारण इथे मला खरी चिंता वाटते. आत्ता सांगितलेलं चार प्रथिनांचं संशोधन आणि स्कॉटलंडची गाळणी युरोप-अमेरिकेतल्या सिगारेट ओढणाऱ्यांवर बेतलेली आहे. अमेरिकेत कुणाला दरवर्षी सीटी करायचा याचा नियम आहे ५० ते ८० वय आणि किमान २० पॅक-वर्षं, म्हणजे रोज एक पाकीट असं वीस वर्षं. पस्तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईची पॅक-वर्षं शून्य. ती कुठल्याच यादीत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरातल्या कोळशाच्या धुराला कॅन्सरकारक ठरवलंय आणि लाकूडफाट्याच्या धुराला 'बहुधा कॅन्सरकारक'. पण 'चूल-वर्षं' मोजणारं, जगभर मान्य असलेलं कोष्टक नाही. तैवानने धूम्रपान न करणाऱ्या १२,०११ लोकांचा सीटी केला, त्यात घरात कुणाला हा कॅन्सर होता का, स्वयंपाकाचा धूर किती, आधी टीबी किंवा सीओपीडी होता का, हे निकष धरले. २.६ टक्के लोकांत कॅन्सर निघाला. त्यातले किती पुढे खरंच त्रास देणारे होते यावर वाद चालू आहे, पण कुणीतरी प्रश्न विचारला तरी. आपल्या बायकांच्या रक्तात या चार प्रथिनांची नेहमीची पातळी किती, हे आधी मोजायला हवं. तोवर परदेशी मर्यादा आपल्या रिपोर्टवर छापून लाल शाई वापरणं जरा घाईचं आहे.

तर त्या श्रोत्याला मी काय सांगितलं? चार गोष्टी. एक, हा रिपोर्ट आणि आधीचे सगळे कागद घेऊन आईला छातीच्या डॉक्टरांकडे ने, घाबरून नाही, पण पुढच्या पंधरवड्यात ने. सीईए पुन्हा करायचा का, आतडं-लिव्हर बघायचं का, सीटी लागेल का, हे ते तिला तपासून ठरवतील. दोन, स्पायरोमेट्री कधी झाली होती ते विचार, झालीच नसेल तर करून घे. तीन, चूल अजून पेटते का ते बघ. पेटते, असं तो म्हणाला. पाणी तापवायला आणि भाकरीला. गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणे. सिलिंडरचे पैसे मुलगा पाठवतो, पण ते जपून वापरायचं, हे आपल्या सगळ्यांच्या आयांना कुठे शिकवलेलं असतं कोण जाणे. चार, आईला सांग. तिचं रक्त आहे, तिचा रिपोर्ट आहे.

आणि घरी कुणाला सीओपीडी असेल तर रक्तापेक्षा आधी बोलणाऱ्या खुणा या. खोकला तोच राहिला नाही, त्याचा बाज बदलला. बेडक्यात रक्त, एकदा जरी आलं तरी. न ठरवता वजन उतरतंय. आवाज तीन आठवडे बसलेला. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. थुंकीत जंतू न सापडताच टीबीचं औषध सुरू केलंय आणि महिना-दोन महिने होऊनही फरक नाही. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचे कित्येक रुग्ण आधी टीबी म्हणून वेळ घालवून आलेले असतात, हे कुठलेही छातीचे डॉक्टर सांगतील.

एक खूण तर फुकट आहे. दोन्ही हातांची तीच बोटं, समजा तर्जनी, नखाला नख लावून पाठमोरी टेकवा. नखांच्या मुळाशी मधे बारीक चौकटीच्या आकाराची फट दिसते. दिसली? ती फट बुजलेली असेल, बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर त्याला क्लबिंग म्हणतात. लिओ शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी स्वतः आजारी असताना आपल्याच बोटांवर हे टिपलं, १९७६ मध्ये छापलं. नुसत्या सीओपीडीने क्लबिंग सहसा होत नाही. म्हणून सीओपीडीच्या माणसाची बोटं अशी दिसायला लागली, तर दुसरं काहीतरी आहे असं धरून डॉक्टर शोध घेतात. क्लबिंग म्हणजे कॅन्सरच असं नाही, हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या इतर आजारांतही ते होतं. पण दाखवायला जायला एवढं कारण पुरे.

पुढच्या भागात स्पायरोमेट्री. फुंकर नेमकी कशी मारायची, आणि पन्नास टक्के फुंकरी वाया का जातात, असं मला एका टेक्निशियन मैत्रिणीने वैतागून सांगितलंय, तिलाच बोलावलंय. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत ठेवा. आणि रिपोर्टचा फोटो पाठवताना नाव झाका.